साल, मूळ, सूत आणि दगड
(फिनलंडची पारंपरिक मासेमारीची साधनं : प्रस्तावना)

जवसाच्या सुताचं जाळं उन्हाळ्यात तळ्याच्या कोमट पाण्यात सोडलं आणि तिथेच राहू दिलं, तर थोड्याच आठवड्यांत ते हातात घेताच तुटायला लागतं. माशांच्या अंगाचा चिकटा, शेवाळ आणि पाण्यातले जिवाणू मिळून धागा आतून पोखरून काढतात. मासा कधी येतो, कुठून येतो, जाळं कुठल्या खोलीवर लावायचं हे एकदा शिकलं की माणसाला जन्मभर पुरतं. जाळं कुजू नये म्हणून करायचं काम मात्र रोजचं असतं. फिनलंडच्या मासेमारीवरची बहुतेक पुस्तकं माशांपासून सुरू होतात. मला कुजण्यापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण त्या देशातलं जवळपास प्रत्येक जुनं साधन ज्या आकाराचं आहे, ज्या झाडापासून बनलं आहे आणि ज्या पद्धतीने घरात टांगून ठेवलं जात होतं, त्याचं निम्मं उत्तर तरी या कुजण्यात सापडतं.

आधी देशाविषयी थोडं. फिनलंडमध्ये लहानमोठी सगळी धरून सुमारे 1,88,000 तळी आणि सरोवरं आहेत. एक हेक्टरपेक्षा मोठी मोजली तरी ती पन्नास हजारांच्या वर जातात. आग्नेयेला साइमा हे सर्वांत मोठं सरोवर, असंख्य बेटांनी तुकडे तुकडे झालेलं. पश्चिमेला आणि दक्षिणेला बाल्टिक समुद्र, ज्याचं पाणी इतकं कमी खारट आहे की किनाऱ्यालगत गोड्या पाण्यातले मासेही राहतात. उत्तरेकडून येणाऱ्या केमियोकी आणि तोर्नियोयोकी या मोठ्या नद्या, ज्यांतून सामन मासा समुद्रातून वर चढायचा. आणि या सगळ्यावर वर्षातले चार ते सहा महिने बर्फाचं झाकण.

इथे मासेमारी करणारी वेगळी जात किंवा जमात नव्हती, हे मराठी वाचकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावं. किनाऱ्यावरची आणि बेटांवरची काही कुटुंबं सोडली, तर मासे धरणारा माणूस म्हणजे शेतकरीच. उन्हाळा लहान, सातू आणि राय पिकायच्या आत दव गोठायचं आणि उभं पीक करपायचं. अशा वर्षी घर तगायचं ते पाण्यावर. त्यामुळे साधनं बनवणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा एकच होता, आणि त्याला लागणारा सगळा माल शेताच्या कडेला किंवा मागच्या जंगलात उभा होता. लोखंडी काटे आणि आकडे लोहाराकडून यायचे. बाकी विकत घेण्यासारखं फारसं काही नव्हतं.

कुजण्याच्या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे, आणि गंमत अशी की फिनलंडमधलं सर्वांत जुनं जाळं त्या अपवादामुळेच आपल्यापर्यंत पोचलं. 1913 साली कारेलियाच्या संयोगभूमीवरच्या आन्त्रेआ परगण्यात एक शेतकरी दलदलीच्या कुरणात चर खणत होता. मातीतून दगड, हाडांची अवजारं आणि काळपट दोऱ्यासारखं काहीतरी वर आलं. पुढच्या वर्षी साकारी पॅल्सी या तरुण पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. सापडलं ते एक अख्खं पसरलेलं जाळं होतं, किंवा खरं सांगायचं तर त्याची जागा दाखवणारे अवशेष: पाइनच्या सालीचे 18 बोये, बुडवायला बांधलेले 31 दगड आणि वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या अंतर्सालीच्या दोरीचे तुकडे. जाळं सुमारे 27 ते 30 मीटर लांब आणि दीड मीटरपर्यंत उंच असावं. त्याचे आस, म्हणजे गाठींमधली घरं, साधारण 6 सेंटिमीटरचे, सामन किंवा ब्रीमसारख्या मोठ्या माशाला साजेसे. वय दहा हजार वर्षांहून अधिक. जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात जाळ्यांत त्याची गणना होते आणि ते हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीचं आहे. खुद्द आन्त्रेआ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेलं आणि आज रशियात आहे.

ते कुरण हिमयुगानंतरच्या काळात पाण्याखाली होतं. बहुधा होडी उलटली आणि जाळ्यासकट सगळं सामान तळाच्या गाळात रुतलं. त्या गाळात प्राणवायू पोचत नव्हता, म्हणून कुजवणारे जिवाणू तिथे जगले नाहीत. मला या शोधात जुनेपणापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. दहा हजार वर्षांपूर्वीच्या त्या जाळ्यात जे चार घटक आहेत, म्हणजे वळलेला धागा, ठरावीक मापाची गाठ, तरंगणारी साल आणि बुडणारा दगड, त्यांतला एकही घटक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागला नसता. चर खणणारा तो शेतकरी स्वतः तशीच साधनं वापरणाऱ्या लोकांमधला होता.

धाग्याची कहाणी सालीपासून सुरू होते. वसंताच्या शेवटी, झाडात रस चढतो तेव्हा वाळुंजाची किंवा लिंडनची साल खोडापासून सहज सुटते. लिंडनची साल आठवडेच्या आठवडे पाण्यात भिजत ठेवली की तिचे थर वेगळे होतात, आणि आतल्या थराच्या पट्ट्या मांडीवर किंवा तळहातात वळून दोरी करता येते. ही दोरी पाण्यात चांगली टिकते, म्हणून ओढजाळ्यांच्या कडांना आणि ओढायच्या रश्श्यांना ती फार उशिरापर्यंत वापरली गेली. पण ती जाड आणि ताठ. बारीक आसाचं, माशाला न दिसणारं जाळं विणायचं तर जवस किंवा हेम्प, म्हणजे वाखासाठीची भांग, पेरावा लागे. मग तो उपटायचा, पाण्यात कुजवायचा, वाळवायचा, लाकडी घोड्यावर मोडायचा, झोडायचा, फणीने विंचरायचा आणि शेवटी कातायचा. वाख मिळवण्यासाठी आधी झाडाला मुद्दाम कुजवायचं आणि नंतर त्याच वाखाच्या जाळ्याला जन्मभर कुजण्यापासून वाचवायचं, अशी ही दुहेरी कसरत होती.

एलियास ल्योनरोत याने संकलित केलेल्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात (पहिली आवृत्ती 1835, विस्तारित 1849) हा बदल जवळजवळ इतिहासासारखा नोंदला गेला आहे. आकाशातून पडलेली आगीची ठिणगी एक मासा गिळतो, त्या माशाला दुसरा गिळतो, दुसऱ्याला पाइक नावाचा लांबट जबड्याचा शिकारी मासा. वाइनामोइनेन आणि इल्मारिनेन हे नायक आधी सालीच्या दोरीचं जाळं विणतात. ते अपुरं पडतं. मग जवस पेरला जातो, एका रात्रीत उगवतो, कापला, कातला आणि विणला जातो, आणि त्या नव्या जाळ्यात पाइक सापडतो. जाळं करण्याच्या कामाची पायरीन् पायरी महाकाव्याने इतक्या प्रेमाने सांगावी, याचं मला अप्रूप वाटतं. ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाचे हात त्या कामातून गेलेले होते, म्हणून ती पायरीवार कथा त्यांना कंटाळवाणी झाली नाही.

विणण्याचं काम हिवाळ्याच्या लांब रात्रींचं. म्हातारे, बायका, मुलं सगळी विणत. भिंतीत खोचलेल्या लाकडाच्या जळत्या ढलपीचा उजेड पुरे होई, कारण नजर फारशी लागतच नसे. दोनच अवजारं. एक, सूत गुंडाळलेली चपटी लाकडी सुई, बहुधा जुनिपरसारख्या चिवट लाकडाची. दुसरं, आसाचं माप राखणारी लहानशी गुळगुळीत फळी. प्रत्येक गाठ त्या फळीवर बसवायची, म्हणजे सगळी घरं सारखी येतात. फळी बदलली की मासा बदलतो. मुइक्कु नावाचा बोटभर ते वीतभर लांबीचा चंदेरी मासा धरायचा तर फळी अरुंद, ब्रीमला रुंद. घराघरात अशा फळ्यांचा जुडगा असायचा, आणि त्यावरून त्या घराच्या पाण्यात कोणते मासे आहेत हे कळे.

बोये आणि दगड ही दिसायला क्षुल्लक वस्तू. पण माझ्या मते या साधनांतली सर्वांत सुंदर कारागिरी तिथेच आहे. फिनलंडचा भूर्ज आपल्या हिमालयातल्या भूर्जपत्राच्या झाडाचाच भाऊबंद. त्याची साल उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर काढतात. तेव्हा ती मोठ्या तावासारखी सुटून येते आणि झाडही जगतं. या सालीत तेलकट द्रव्यं असतात. पाणी तिच्यात शिरत नाही आणि ती वर्षानुवर्षं कुजत नाही. सालीचे चौकोनी तुकडे गरम केले की आपोआप गुंडाळी होतात, आणि जाळ्याच्या वरच्या कडेला ओवलेल्या अशा गुंडाळ्या हे झाले बोये. खालच्या कडेसाठी मुठीत मावणारा चपटा दगड निवडायचा, तो भूर्जाच्या सालीत गुंडाळायचा आणि स्प्रूसच्या बारीक मुळीने शिवायचा. सालीचं कापड घातलेला दगड सुताला घासत नाही, तळाच्या खडकात अडकत नाही, होडीच्या फळ्यांवर आपटून आवाज करत नाही. मुळी ओली असताना शिवली की वाळल्यावर आवळून बसते. सूत कुजून गेलं तरी बोये आणि दगड उरायचे. ते सोडवून नव्या जाळ्याला लावत, त्यामुळे आजोबांनी शिवलेला दगड नातवाच्या जाळ्यात असणं अगदी नेहमीचं होतं. लाकडी बोयांवर घराची खूण कोरलेली असे. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचीही खूण गावभर ओळखली जाई.

जाळं पाण्यातून काढलं की त्यातला मासा सोडवायचा, शेवाळ झटकायचं, जाळं धुवायचं आणि लगेच खांबांवर पसरून वाळत घालायचं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरासमोर अशा आडव्या काठ्यांची रांग असायची. पाऊस लागला तर जाळं खोपटात हलवायचं. एका घराकडे एकाच वेळी निम्मी जाळी पाण्यात आणि निम्मी वाळत, असा तो फेरा होता. म्हणजे जितकं जाळं वापरायचं त्याच्या दुप्पट विणायचं.

दुसरा उपाय सालीचाच. आल्डर, वाळुंज किंवा भूर्जाची साल मोठ्या कढईत उकळून तिचा गडद काढा करायचा आणि त्यात जाळं बुडवून ठेवायचं. सालीतलं टॅनिन धाग्यात मुरतं, जिवाणूंचा वेग मंदावतो आणि वर जाळ्याला तांबूस तपकिरी रंग चढतो, जो तळाच्या पाण्यात कमी दिसतो. हे दरवर्षी, काही ठिकाणी हंगामात अनेकदा करावं लागे. एकोणिसाव्या शतकात उत्तर समुद्राच्या आणि बाल्टिकच्या किनाऱ्यांवर याच कामासाठी एक परदेशी माल येऊ लागला. तो होता कात. ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानातून जहाजांनी जाणारा, खैराच्या गाभ्याचा तोच कात, ज्याच्या भट्ट्या कोकणच्या जंगलात कातकऱ्यांनी लावल्या आणि जो आपल्याकडे विड्यात पडतो. उत्तरेच्या मासेमाराला त्यातलं टॅनिन हवं होतं.

सूत कुजतं म्हणून जिथे शक्य तिथे सुताशिवायच काम भागवायचं, हा तिसरा उपाय. फिनलंडची लाकडी सापळ्यांची परंपरा मला त्या दृष्टीने वाचावीशी वाटते. पाइनच्या सरळ खोडाच्या, बोटाएवढ्या रुंद, माणसापेक्षा उंच पट्ट्या फोडायच्या आणि त्या मुळ्यांनी किंवा पिळलेल्या फांद्यांनी एकमेकींना बांधून चटई करायची. ही चटई किनाऱ्याजवळच्या बोरूंच्या बेटात तळात खोचून उभी करायची, तीही अशी की वरून पाहिल्यावर बदामाचा आकार दिसेल. बदामाच्या खोबणीत एक अरुंद फट. हीच कातिस्का. आधाराला किनाऱ्यापासून फटीपर्यंत एक सरळ कुंपण. बर्फ वितळल्यावर पाइक अंडी घालायला उथळ पाण्यात येतो, कुंपणाला अडतो, त्याच्या कडेने खोल पाण्याकडे वळतो आणि फटीतून आत जातो. आत गेल्यावर तो भिंतीला धरून गोल फिरत राहतो. भिंतीचा वळसा त्याला दर वेळी फटीच्या बाजूने पुढे नेतो, त्यामुळे बाहेरची वाट त्याला सापडत नाही. माशाला इजा होत नाही, तो जिवंत राहतो आणि माणूस सवडीने येऊन झोळीने त्याला उचलतो. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला याहून सोयीचं काय असणार.

या पट्ट्यांचा इतिहासही लांबलचक आहे. ओस्त्रोबोथ्नियातल्या यली-ई इथल्या पुर्काजासुओ दलदलीत पाइनच्या पट्ट्यांच्या चटया सापडल्या, त्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या. पुन्हा तीच दलदल आणि तोच प्राणवायूचा अभाव. मासेमारीचं साधन दलदलीत कसं, तर फिनलंडची जमीन हिमयुगाच्या ओझ्यातून मोकळी झाल्यापासून अजूनही वर उचलली जात आहे, त्यामुळे एके काळचं नदीमुख आज किनाऱ्यापासून कितीतरी आत, झाडीत आढळतं.

मोठ्या नद्यांवर हेच तत्त्व प्रचंड आकाराला गेलं. केमियोकी आणि तोर्नियोयोकीवर सामनसाठी बांध घालत. पूर ओसरला की जड लाकडी तिपाया प्रवाहात उभ्या करायच्या, त्यांच्यावर आडवे वासे, त्यांना टेकून फांद्यांच्या किंवा पट्ट्यांच्या भिंती, आणि ठरावीक जागी जाळ्याच्या पिशव्या. शरद ऋतूत तो सगळा डोलारा काढून घ्यायचा, कारण पुढच्या वसंतात फुटणाऱ्या बर्फापुढे काहीच टिकत नाही. दरवर्षी बांध नवा. त्यासाठी अनेक घरांचे पुरुष आठवडेच्या आठवडे लागत. स्वीडनच्या राजवटीतल्या जुन्या कायद्याने मुख्य प्रवाहाचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवणं बंधनकारक केलं होतं, होड्यांसाठी आणि माशांसाठी. वरच्या गावांनाही सामन मिळाला पाहिजे, एवढा त्याचा साधा अर्थ. त्यावरून खालची आणि वरची गावं शतकानुशतकं भांडत राहिली. एकट्या सामनच्या मासेमारीवर कुस्ता विल्कुना या फिनिश अभ्यासकाने मोठा ग्रंथ लिहिला, यावरून त्या विषयाचा पसारा लक्षात यावा.

आता नुओत्ता, म्हणजे ओढजाळं. कोकणातली रापण ज्याने पाहिली आहे त्याला हे जाळं लगेच उमगेल: मधे पिशवी, दोन्ही बाजूंना लांब पंख, पंखांच्या टोकांना रश्श्या, आणि ओढायला माणसं. रापणीसारखेच इथेही वाटे. पण फिनलंडच्या नुओत्तातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच ठिकाणी जाळं एका मालकाचं नसे. भागीदार घरांपैकी प्रत्येकाने ठरल्या लांबीचा तुकडा स्वतः विणून, सूत स्वतःचं घालून आणायचा आणि ते तुकडे जोडून एक जाळं व्हायचं. मिळालेले मासे तुकड्यांच्या, होडीच्या, घोड्याच्या आणि हातांच्या हिश्शाने वाटले जात. जोडलेल्या जाळ्यात एका घराचा तुकडा जीर्ण असेल तर मासे तिथूनच निसटतात आणि सगळ्यांचा वाटा जातो. म्हणून प्रत्येक घराचं वाळवणं, रंगवणं आणि ठिगळ लावणं गावाच्या नजरेखाली होई. ज्या जागी जाळं ओढायचं त्या प्रत्येक जागेला नाव होतं, तिथला तळ, तिथले बुडालेले ओंडके, वारा कुठून असला की मासा तिथे येतो, हे सगळं ठाऊक असे. जागा कुणाच्या वाट्याला कधी येणार हे पाळीने किंवा चिठ्ठ्या टाकून ठरे. आजही फिनलंडमध्ये सरोवरांचे कितीतरी भाग गावच्या जमीनधारकांच्या सामाईक मालकीचे आहेत, त्याची मुळं या व्यवस्थेत आहेत.

हिवाळ्यात हेच ओढजाळं बर्फाखालून ओढतात, आणि ही पद्धत समजून घेताना मी कितीदा तरी कागदावर आकृत्या काढल्या. बर्फात एक मोठं भोक पाडायचं. तिथून जाळं आत सोडायचं. त्या भोकापासून डावीकडे आणि उजवीकडे लहान भोकांच्या दोन रांगा, ज्या आधी एकमेकींपासून दूर जातात आणि पुढे पुन्हा जवळ येतात. रांगेतल्या दोन भोकांमधलं अंतर एका लांब वाशाला गाठता येईल एवढं. वाशाच्या शेपटाला रश्शी बांधून तो पहिल्या भोकातून बर्फाखाली सारायचा, पुढच्या भोकातून दुबेळक्याच्या काठीने ढकलत न्यायचा, तसाच पुढे. वासा तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून सरकतो. त्याच्यामागे रश्शी, रश्शीमागे पंख. दोन्ही रांगा शेवटी एका दुसऱ्या मोठ्या भोकापाशी मिळतात, आणि तिथून माणसं किंवा घोड्याने फिरवलेला रहाट दोन्ही रश्श्या ओढून जाळं बाहेर काढतो. भोकं पाडायला तूरा नावाचं अवजार, लांब दांड्याला लोखंडी पातं बसवलेली पहारच ती. तिच्या दांड्याला हातात अडकवायचा फास असे, नाहीतर बर्फ फुटताक्षणी ती तळाशी जायची. ओलं जाळं हवेत येताच गोठून ताठ होतं आणि ते वाकवताना जपावं लागतं. पण कुजण्याची भीती मात्र त्या दिवसांत नाही. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस माग्नुस 1518-19 मध्ये तोर्नियोपर्यंत गेला होता. उत्तरेच्या लोकांवरच्या त्याच्या 1555 च्या ग्रंथात बर्फाखालच्या मासेमारीचं लाकडी ठशाचं चित्र आहे, म्हणजे युरोपच्या दक्षिणेला हे काम नवलाचं वाटत होतं.

बाकीच्या साधनांची पुढच्या प्रकरणांत सविस्तर ओळख येईल. इथे नुसती नोंद. शांत अंधाऱ्या रात्री होडीच्या नाळेवर लोखंडी जाळीत राळभरल्या पाइनच्या मुळ्या पेटवायच्या आणि उजेडात तळाशी दिसणाऱ्या माशावर अनेक काट्यांचा भाला मारायचा. नव्या, काचेसारख्या पारदर्शक बर्फाखाली किनाऱ्यालगत मादे हा मिशीवाला मासा निपचित दिसला की त्याच्या नेमक्या डोक्यावर लाकडी घणाचा ठोका घालायचा. त्या धक्क्याने मासा बधिर होतो आणि बर्फ फोडून तो हाताने उचलता येतो. लांब दोरीवर शेकड्याने लावलेले आकडे. फांद्यांच्या विणीचे, आत वळलेल्या नरसाळ्याचे सापळे. आणि तोर्नियोयोकीवरच्या कुक्कोलानकोस्की या खळखळत्या उतारावरची झोळी, जिच्याविषयी मात्र नुसत्या नोंदीवर माझं समाधान होत नाही.

तिथे पाणी इतकं जोरात धावतं की जाळं लावण्याचा प्रश्नच येत नाही. सीका नावाचा मासा उन्हाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढताना किनाऱ्यालगतच्या भोवऱ्यांत दम खातो. त्या भोवऱ्यांवर पोचायला दरवर्षी स्प्रूसच्या खांबांचे अरुंद धक्के बांधतात. धक्क्याच्या टोकावर उभा राहून माणूस कित्येक मीटर लांब दांड्याची झोळी प्रवाहाबरोबर तळाच्या दिशेने फिरवून वर काढतो. मासा दिसत नाही. कुठल्या दगडामागे तो थांबलेला असेल हे माहीत असावं लागतं. उभं राहायच्या पाळ्या ठरलेल्या आणि माशांचे वाटेही ठरलेले. तिथेच विस्तवाभोवती काठीला टोचून, मीठ लावून भाजलेला सीका खातात. ही पद्धत नदीच्या दोन्ही काठांवर, फिनलंडमध्ये आणि स्वीडनमध्ये, आजही चालू आहे.

हे सगळं आपल्याला इतकं नेमकेपणाने माहीत आहे त्याचं श्रेय ऊनो ताआवी सिरेलिउस (1872-1929) यांना द्यायला हवं. 1898 ते 1900 या काळात ते सायबेरियातल्या ओब नदीच्या प्रदेशात खांती लोकांमध्ये राहिले, त्यांचे बांध आणि सापळे मोजले, रेखाटले. परतल्यावर त्यांनी फिनलंडच्या मासेमारीवर 1906 ते 1908 या काळात ‘सुओमालाइस्तेन कालास्तुस’ हा ग्रंथ भागांत प्रसिद्ध केला. पुढे ते हेलसिंकी विद्यापीठात फिनो-उग्रिक मानववंशशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या रेखाटनांत गाठ कुठून कुठे जाते, पट्टी कुठल्या अंगाला तासली आहे, हेही दिसतं. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता आणि आपण कोण हे सांगण्यासाठी तिथले विद्वान खेड्यांतल्या वस्तू गोळा करत होते. त्या उत्साहात काही अनुमानं वाहवत गेली. कातिस्का आणि बांधांच्या उत्क्रांतीची सरळ शिडी रचण्याचा त्या पिढीचा आग्रह आज तसाच्या तसा मान्य करता येत नाही. नोंदी मात्र आजही कामाच्या आहेत.

त्या नोंदी झाल्या तेव्हाच बदलाला सुरुवात झाली होती. कारखान्यात विणलेली कापसाची जाळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि घरचं कातणं मागे पडलं. कापूसही कुजतो, म्हणून वाळवणं आणि रंगवणं चालूच राहिलं. 1950 च्या दशकात नायलॉन आलं आणि दहा हजार वर्षांचा प्रश्न एका पिढीत सुटला. काठ्यांच्या रांगा, कढया, सालीचे ढीग यांची गरज संपली. ज्यांनी उभा जन्म ओली जाळी उचलण्यात घालवला होता, त्यांना नायलॉन वरदान वाटलं, आणि त्यांचं म्हणणं खोटं पाडायचा अधिकार घरबसल्या लिहिणाऱ्याला नाही.

पण जे कुजत नाही ते हरवल्यावरही धरत राहतं. तळाशी सुटून राहिलेलं नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं मासे मारू शकतं. साइमा सरोवरात वलयांकित सीलची एक उपजात राहते, जगात इतरत्र कुठेही नाही. कापसाचं जाळं तिचं पिल्लू धडपडून फाडू शकत असे. नायलॉन फाटत नाही, आणि श्वास घ्यायला वर न येता आल्याने पिल्लू बुडतं. 1980 च्या दशकात या सीलांची संख्या दोनशेच्याही खाली गेली होती. आता त्यांच्या अधिवासात वसंतापासून जूनअखेरपर्यंत जाळी लावण्यावर निर्बंध आहेत, आणि संख्या चारशेच्या वर गेली आहे. याच काळात लोकांचं लक्ष पुन्हा जिवंत मासा धरणाऱ्या सापळ्यांकडे वळलं. आज फिनलंडच्या घरोघरी दिसणारी तारेच्या जाळीची घडीची कातिस्का ही बोरूंत खोचलेल्या त्या पाइनच्या बदामाची थेट वंशज आहे.

नद्यांवर झालेला घाव त्याहून खोल. केमियोकीच्या मुखाजवळ इसोहारा इथे 1940 च्या दशकाच्या अखेरीस जलविद्युत धरण उभं राहिलं आणि सामनची वाट बंद झाली. एक तृतीयांश प्रवाह मोकळा ठेवायच्या जुन्या कायद्यावरून ज्या नदीवर इतकी शतकं भांडणं झाली, तिथे प्रवाहच अडला. बांध बांधणाऱ्यांचं कौशल्य एका पिढीत निरुपयोगी ठरलं. तोर्नियोयोकी मात्र धरणाशिवाय राहिली आणि तिथे सामन अजून चढतो. अगदी उत्तरेला, नॉर्वेच्या सीमेवरच्या तेनो नदीत मासा इतका घटला की 2021 पासून सामनची मासेमारी बंद करावी लागली. तिथले सामी लोक ज्या बांधांनी सामन धरत, ते बांधण्याची विद्या मुलांना पाण्यात उभं करूनच शिकवता येते. बंदीचं कारण रास्त आहे. विद्या मात्र बंदी उठायची वाट पाहत थांबत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुरुवेसी या साइमाच्या स्वच्छ पाण्याच्या भागात चित्र वेगळं आहे. तिथे हिवाळ्यात आजही नुओत्ता बर्फाखालून ओढतात. घोड्याच्या जागी स्नोमोबाइल आली, रहाट इंजिनवर फिरतो, भोकं यंत्राने पडतात, जाळं नायलॉनचं आहे. पण रश्शी त्याच दोन रांगांनी जाते, आणि ओढायच्या जागांची नावं, त्यांचे तळ, त्यांच्या पाळ्या तोंडपाठ असलेली माणसं अजून त्या बर्फावर आहेत. तिथल्या मुइक्कुला 2013 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मूळ सांगणारं संरक्षित नाव मिळालं. मासे धरणाऱ्यांत तरुण आहेत, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

वाचकांना एक सूचना. पुढच्या प्रकरणांत साधनांची नावं फिनिश उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत दिली आहेत आणि माशांची नावं जिथे मराठीत रूढ शब्द नाही तिथे तशीच ठेवली आहेत. प्रकरणांचा क्रम माशांवर किंवा प्रदेशांवर न लावता मालावर लावला आहे: आधी साल, मग मुळ्या आणि फांद्या, मग फोडलेलं लाकूड, मग सूत, शेवटी लोखंड. प्रत्येक साधनाची कृती इतकी तपशिलाने दिली आहे की ज्याच्याकडे चाकू, सुतळी आणि सवड आहे त्याला निदान जाळ्याची पहिली ओळ विणून पाहता येईल. तशी ती विणून पाहावी. आसाची फळी बोटांमध्ये धरल्यावर गाठ का घसरते आणि ती घसरू नये म्हणून सूत कुठल्या बाजूने वळवायचं, हे दहा पानं वाचून कळत नाही ते दहा गाठींत कळतं.